निर्मळ पाण्याचे फर्मान

कर्दळगडच्या राजवाड्यामागचा ओढा पांढरा झाला आणि ओढ्याकाठच्या वेळूटाकी गावाने नाक दाबून धरले. कारण शोधण्यास पंडित नको होते. राजवाड्याच्या दूधखान्यात रोज दोनशे कासंड्या भरभरून दूध येई, त्या रिकाम्या झाल्या की घागरींनी पाणी ओतून धुतल्या जात आणि ते सगळे धुवण नालीवाटे थेट ओढ्यात जाई. तिथे ते आंबत राही. ज्या म्हशी एरवी कोणत्याही डबक्यात बसण्यास अनमान करीत नाहीत, त्यासुद्धा ओढा पाहून पाठ फिरवू लागल्या.

गावाने तक्रार केली. महाराज भुजंगराजे यांनी तिचा निकाल एका फर्मानाने लावला: राजवाड्यातून बाहेर पडणारे पाणी निर्मळ आहे, त्यास जो कोणी घाण म्हणेल, त्याने त्याच दिवशी राज्याची सीमा ओलांडावी. कारकुनाने हे फर्मान गावात नाकाला रुमाल लावून वाचले.

गोजरा दूधखान्यात कासंड्या घासत असे आणि राहत असे वेळूटाकीत. म्हणजे सकाळी ती स्वतःच जे नालीत सोडी, ते संध्याकाळी तिच्या दारापुढे हजर होई. गावाच्या विहिरीच्या पाण्यालाही आता आंबूस चव येऊ लागली होती. ती दूधखान्याचे दारोगा हैबतराव यांच्याकडे गेली आणि निम्म्या पाण्यात कासंड्या लख्ख करून दाखवीन, असे म्हणाली. हैबतरावांनी तिला समजावले की, राजघराण्याचे वैभव त्याच्या नालीच्या आवाजावरून मोजले जाते. मग ती दरबारात गेली.

"महाराज," ती मुजरा करून म्हणाली, "आमच्या ओढ्याचं पाणी फर्मानात लिहिलंय तस्संच आहे."

"निर्मळ?"

"इतकं निर्मळ, की म्हशी त्यात बसायला लाजतात."

दरबार खाली मान घालून खोकला. महाराजांना राग आला, पण त्याहून जास्त चेव आला. "वसुबारशीला आठ दिवस आहेत," ते म्हणाले. "तोवर त्या पाण्याला माझ्याच तोंडून घाण म्हणवून दाखव. जमलं तर ती नाली तुझ्या हाती. नाही जमलं तर तुझं गाव उठवून डोंगरापलीकडे वसवतो. मग कुणाला वासही येणार नाही आणि तक्रारही उरणार नाही."

महाराज कामाला लागले. त्यांनी ओढ्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या, मिशांना अत्तर चोपडले आणि जोखीम नको म्हणून 'घ' हे अक्षरच वर्ज्य केले. घोड्याला ते अश्व म्हणू लागले, घराला सदन. न्याहारीला घावन आले, तेव्हा त्यांनी ते बोटाने दाखवून मागितले. गोजरा मात्र नेहमीप्रमाणे कासंड्या घासत राहिली.

"काय गं, बिऱ्हाड बांधलंस का?" हैबतराव येता-जाता विचारीत.

"बांधतेय, दारोगासाहेब. कुणाचं ते तेवढं ठरायचंय."

वसुबारस आली. संध्याकाळी दूधखान्याच्या अंगणात गाय-वासराची पूजा झाली. कर्दळगडचा रिवाज असा, की या एका दिवशी महाराजांच्या हातावर तीर्थ घालण्याचा मान कासंड्या घासणारीचा. आणि तीर्थाला कोणी नको म्हणत नाही, हे कशाचे म्हणून विचारत नाही. महाराजांनी सवयीने मान लववून उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला. गोजराने पळीभर तीर्थ घातले. महाराजांनी हात ओठांपाशी नेला, आणि अत्तर हरले.

"शी! ही कसली घाण?"

गाईने रवंथ थांबवला.

"ओढ्याचं पाणी आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "राजवाड्यातून आलेलं. देवाचं तीर्थ त्या दुसऱ्या भांड्यात आहे, हे खास आपल्यासाठी."

हैबतराव नियमाचे पक्के. त्यांनी खिशातून फर्मान काढून वाचले आणि सीमा सात कोसांवर आहे, अश्व तयार ठेवू का, असे अदबीने विचारले. महाराजांनी मावळतीकडे पाहिले, मग गोजराकडे. आवाज बराच खाली आला होता.

"आता मी कुठं जाऊ, बाई?"

"कुठंच नाही, महाराज. फर्मान पाण्याबद्दल आहे, आणि आपल्या नालीतून जातं ते नुसतं पाणी नव्हेच."

"मग काय आहे?"

"दूध."

तिने नुकतीच रिकामी झालेली एक कासंडी वाटीवर उपडी धरली. पूजेचे निरांजन विझेपर्यंत वाटीच्या तळाशी चांगले चार चमचे दूध जमले. अशा दोनशे कासंड्यांचे मिळून रोज घागरभर दूध ओढ्याला पाजले जात होते, आणि ते धुऊन काढायला पाणीही तितकेच जास्त लागत होते. कासंड्या आधी निथळू द्याव्यात, मग तांब्याभर पाण्यात विसळून ते विसळण वासरांच्या आंबोणात घालावे. नंतरचे स्वच्छ धुवण अंगण धुण्यास वापरावे आणि उरेल ते चाऱ्याच्या वाफ्यांना पाळीपाळीने द्यावे, म्हणजे एका जागी साचून आंबणार नाही. गोजराने हे सारे सावकाश सांगितले. महाराजांनी दोनदा विचारून घेतले.

हैबतरावांना मात्र नालीची काळजी लागली. "अगं, सगळं तूच जिरवलंस तर आम्ही ओढ्यात सोडायचं काय?"

"मासे," गोजरा म्हणाली.

महाराज इतके हसले, की अत्तर मिशांवरून ओघळले. त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून गोजराला दिले, फर्मान फाडले आणि दूधखान्याचा सगळा कारभार त्याच घटकेपासून तिच्याकडे सोपवला. हैबतरावांनाही काम मिळाले. नदीवरून घागरीत मासे भरायचे, ती घागर डोक्यावर घेऊन चार कोस चालायचे आणि वेळूटाकीच्या ओढ्यात एकेक मासा मोजून सोडायचा.