धूम्रनाथाला पाणी

एका राज्यात माणसे मरत, पण सुटत नसत. धूम्रनाथ मांत्रिक मरूनही आपल्या खजिन्याच्या गुहेत उठून बसला होता. तो उठला तेव्हापासून एकही कावळा कुणाच्या पिंडाला शिवत नव्हता.

त्याच गुहेत थोरला राजपुत्र सुमंत मारला गेला. धाकटा जयध्वज नदीकाठी पिंड मांडून बसला. कावळा आला, नुसता पाहत राहिला.

"धूम्रनाथानं आमच्या चोची बांधल्यात," कावळा म्हणाला. " तो आहे तोवर तुझा दादा अडकलेला."

जयध्वजाने स्वतःचे जेवणाचे पान भिरकावले. "त्याला संपवीन, मगच जेवीन!"

पहिल्यांदा त्याने मांत्रिकाचे मुंडके उडवले. मांत्रिकाने ते उचलून मानेवर ठेवले. दुसऱ्यांदा त्याला जाळले. राख गोळा होऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा, मांत्रिकाचा जीव ज्यात होता ते माणिक समुद्रातून आणून फोडले. तुकडे आपोआप जुळले.

"दमलास?" मांत्रिकाने विचारले.

"तू मरत का नाहीस रे?"

"माझ्यामागं ना भाऊ, ना पोर. पाणी कोण देणार? म्हणून गेलोच नाही."

बाहेर कावळा बसला होता. "तीनदा मारलंस, शहाण्या. आता पाणी दे. त्याचा पिंड आजवर कुणी मांडलाच नाही."

"माझ्या दादाला मारलं त्यानं!"

"मग दुसरं कोण देणार?"

जयध्वज तेव्हा प्रथम रडला. मग त्याने एकाच भातातून दोन पिंड वळले. दक्षिणेकडे तोंड करून तिळाचे पाणी सोडले.

"धूम्रनाथा, हे तुला. माफ केलं नाही. पण पाणी देतो."

कावळा शिवला. गुहेत हाडे हलकेच खाली बसली, दमलेला माणूस बसतो तशी.

दादाच्या पिंडाजवळ मात्र कावळा थांबला.

"आता काय राहिलं?" जयध्वज ओरडला.

"दादा तुझा. तुलाच ठाऊक."

जयध्वज आठवू लागला. धाकटा जेवल्याशिवाय सुमंताने कधी घास घेतला नव्हता. आणि धाकटा त्या दिवसापासून उपाशी होता.

"दादा," तो म्हणाला, "जेवतो रे मी. घरी जाऊन जेवतो."

कावळा शिवला.

राज्यभर कावळे उतरले. खजिना गुहेतच राहिला. जयध्वज घरी गेला, पानावर बसला, पहिला घास त्याला कसाबसा गिळवला.

जसा त्याचा दादा सुटला, तसे तुमचेआमचेही सुटोत. आणि मागे राहिलेले जेवोत.