बुडबुडे आलेच नाहीत

समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या खोल समुद्रतळाच्या वाळूची परीक्षा करीत होते. त्या वाळूच्या कणांमध्ये बर्फासारखा पदार्थ असतो आणि त्यात ज्वलनशील वायू कोंडलेला असतो. थंडी आणि प्रचंड दाब असेपर्यंतच तो टिकतो. दाब सुटला की वायू निघून जातो, वाळू खचते आणि तिच्यावर उभे असलेले सारे कलते. म्हणून जहाजाने आणलेला नमुना पोलादी नळकांड्यात समुद्राइतक्याच दाबाखाली ठेवीत. मग दाब हळूहळू उतरवायचा, बाहेर येणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवायचे आणि वाळू किती खचते ते तबकडीवर पाहायचे, अशी रीत होती.

त्या सकाळी शिष्येने नळीचा आटा नुसत्या हातानेच आवळला. पाना शेजारच्या खोलीत होता आणि तिथे काम करीत बसलेल्या प्रयोगशाळेतल्या इतर मंडळींसमोरून जायचा तिला संकोच वाटला. जेवून परतली, तर फरशीवर पाणी साचलेले आणि दाबाचा काटा तळाला गेलेला. आता मात्र पाना आणायला धावताना भीतीपोटी तिला ती मंडळी दिसलीही नाहीत. तिने आटा पक्का केला, पंपाने पाणी भरून काटा पुन्हा होता तिथे आणला आणि फरशी पुसून टाकली.

थोड्याच वेळात एक व्यापारी आला. नमुना जिथून आणला होता त्या जागी वायू काढण्यासाठी त्याला समुद्रात फलाट उभारायचा होता. आचार्य बादलीशेजारी बसले आणि झडप केसभर सैल करू लागले.

"आचार्य, तबकडीचा काटा हलत नाही की!" व्यापारी खूश झाला. "वायू काढला तरी तळ खचणार नाही. द्या लिहून, माझी माणसं सामान भरून बंदरावर बसलीत."

"बसू देत. चहा घ्या."

"आणखी किती चहा पाजाल?"

आचार्य हसले आणि झडप आणखी केसभर फिरवली. एव्हाना बादली बुडबुड्यांनी खळखळायला हवी होती. पाणी मात्र स्तब्ध होते. शिष्येला ते कळत होते आणि आचार्यांनाही कळत असणार. तरी ते तिच्याकडे एकदाही पाहीनात. तिचे कान तापले. संध्याकाळ झाली, तरी झडप फिरतच होती.

"फलाटावर माणसं राहतात का?" तिने हळूच विचारले.

"राहतात म्हणजे? तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. स्वयंपाकघर माझा धाकटा भाऊ बघणार आहे."

"आचार्य, थांबा." तिचा आवाज चिरकला. "ही नुसती ओली वाळू आहे. आटा सैल राहिला, वायू निघून गेला. मी... मी पाणी भरून दाबाचा काटा परत चढवला."

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. त्याने एकवार बादलीकडे पाहिले आणि सामान उतरवायला सांगण्यासाठी तो बंदराकडे निघून गेला.

"तुम्हाला केव्हाच कळलं होतं," शिष्या मान खाली घालून म्हणाली. "मग झडप कशाला फिरवत बसलात?"

"दाब एकदम सोडला, तर नमुन्याचं काय होतं?"

"फुटतो."

"मी व्यापाऱ्यांसमोर तुला एकदम विचारलं असतं, तर तू घाबरून 'नाही' म्हणाली असतीस. मग ते 'नाही' जन्मभर सांभाळत बसली असतीस, पोरी. म्हणून म्हटलं, दुपार गेली तर जाऊ दे."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"मी त्यांना लिहून दिलंच नसतं, त्यांचा भाऊ वाचला असता. तू मात्र आत कोंडलेली राहिली असतीस."

तिने डोळे पुसले. "पाना इथेच खिळ्याला टांगून ठेवू?"

"ठेव. पण तो त्या मंडळींचाही आहे. का हवाय ते सांगून त्यांना विचारून ये."

ती उठली. गाल अजून जळत होते. शेजारच्या खोलीच्या दारात ती क्षणभर थबकली. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"आज माझ्या हातून एक चूक झाली," ती म्हणाली, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात.