आवडाबाय खाडीला आडवी बसली ती गोष्ट

बांध सरकारनं घातला? कोण बोलला, तो पलीकडल्या काठावरचा मोजणीवाला? त्याच्या टकलावर शेवाळ उगवो! आमचं शेवरजुवं बेट नकाशात टिकलीएवढं काढतो, आणि बांध कुणी राखला ते आम्हालाच शिकवतो. ऐक, मी सांगतो.

गोऱ्या सायबाची बोट खाडीत शिरायच्याही आधीची गोष्ट. चारी बाजूंनी खारं पाणी, मधे वीतभर भातशेती, आणि दोघांच्या मधे मातीचा बांध. वाड्या दोनच, वरची नि खालची. बांध अर्धा यांनी राखायचा, अर्धा त्यांनी. आवडाबायचं घर पार टोकाला, बांधाला लागून. तिच्या आवाजाला कंटाळून गावानंच तिला तिकडं नेऊन ठेवलेली. ती कोंबड्यांना हाक मारायची आणि पलीकडल्या काठावरची कोंबडी पोहत यायची, असं म्हणतात.

श्रावणातली अवस आली, उधाण चढलं आणि भरदुपारी बांधाला भगदाड पडलं. खांड म्हणतात त्याला. बैल जाईल एवढी खांड! खालीच आवडाबायचं शेत, रोपं नुकती तरारलेली. खारं पाणी आत शिरलं की तीन वर्षं गवतसुद्धा उगवत नाय.

ती बोंबलत सुटली. दोन्ही वाड्यांचे बापये धावत आले आणि खांडीच्या दोन अंगांना उभे राहिले.

"खांड तुमच्या हद्दीत पडलीय," वरच्या वाडीचा रवळू बोलला.

"डोळे फुटले काय तुझे? तुमच्या हद्दीत!" खालच्या वाडीचा गुणाजी ओरडला.

झालं. काठी आणून मोजायला लागले. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, यांची मोजणी संपेना.

आवडाबायनं काष्टा आवळला. "मेल्यांनो, तुमची हद्द ठरेस्तोवर मी बसते!" आणि बसली की खांडीत मांडी घालून. बाटलीला बूच बसावं तशी!

छातीवर खाडी, पाठीमागं रोपं. भ्यायली ती, खोटं कशाला सांगू? पण भ्यायली की तिला राग यायचा. तिनं खाडीला शिव्या घातल्या, खाडीच्या आईला घातल्या, मग साती समुद्रांना एकेक करून घातल्या. खेकडा चावला, तर नांगी खेकड्याचीच तुटली, असं म्हणतात. सहा तासांची भरती तिसऱ्याच तासाला मागं फिरली, असं म्हणतात.

नवरा धाकू जवळ येऊन कुजबुजला, "अगो ऊठ, लोक बघतात."

"बघतात कशाला? माती आण!"

धाकूनं आणली. मग रवळूला लाज वाटली, मग गुणाजीला. तिच्या पाठीमागं बांध उभा राहिला, तोवर ती गळ्यापर्यंत चिखलात रुतलेली. तिला उपसून काढायला दोन्ही वाड्यांनी एकच दोर धरला. बेटावर असं पहिल्यांदाच झालं.

बांध तिथं अजून पोटासारखा फुगलेला हाय. श्रावणातल्या अवसेला तिथं घरटी एक पाटी चिखल पडतो. बाया खाडीला शिव्या घालतात, बापये मुकाट चिखल ओततात. हद्द कुणाची असं जो विचारील, त्याला भरती ओसरेपर्यंत खाली खाडीच्या रेंद्यात, गाळात बसवतात. गेल्या साली सरपंच बसला.

आज अवस हाय. तुझ्या घरची पाटी अजून पडली नाय. ऊठ, चिखल भर.