दादाच्या पाखरांचं पाणी

गेलेल्या माणसाच्या नावाने ओंजळभर पाणी सोडतात. ते पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतं का?

फार जुन्या काळी एका धाकट्या भावाला हा प्रश्न पडला होता. त्याने तो भटजींना विचारला, पाटलांना विचारला, नदीवर धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारला. कोणी म्हणालं, असं विचारू नये. कोणी म्हणालं, मोठा झालास की कळेल. उत्तर कोणीच दिलं नाही. मुलांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांनाही विचारून बघा. तोवर ही गोष्ट ऐका.

गावाच्या कडेला दोघा भावांची फुलबाग होती. शेवंती, झेंडू, मोगरा, कडेने कण्हेरीचं कुंपण. थोरला शांत, धाकटा उतावळा. थोरला रोप लावायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. धाकटा दुसऱ्याच दिवशी माती उकरून मूळ धरलं का ते बघायचा. मग ते रोप मरायचं.

"अरे, तू बघत बसला नाहीस तरी ते वाढतं," थोरला हसून म्हणायचा.

बागेत एका मोकळ्या जागी थोरल्याने पाखरांसाठी परळ ठेवला होता. परळ म्हणजे मातीची पसरट, उथळ थाळी. तिच्यात तो रोज सकाळी पाणी भरायचा. चिमण्या यायच्या, बुलबुल यायचे, पण खरी मालकी सातभाईंची. मातकट रंगाची ती पाखरं कधी एकटी येत नाहीत. सगळी मिळून येतात, सगळी मिळून भांडतात आणि सगळी मिळून आंघोळ करतात. एक मात्र उंच फांदीवर राखण करत बसतं.

धाकट्याला त्यांच्याबद्दल सगळंच विचारायचं असे. पाखरू प्रत्येक घोटाला मान वर का करतं? थंडीतसुद्धा आंघोळ का करतं? राखण कोणी करायची, हे कोण ठरवतं? थोरला म्हणायचा, "बघ म्हणजे कळेल." पण बघायला धाकट्याला धीर नव्हता, आणि त्याची गरजही वाटत नव्हती. विचारायला दादा होताच.

मग एका पावसाळ्यात गावात ताप आला आणि थोरल्याला घेऊन गेला.

त्या गावात रीत होती. घरात मरण झालं की चुलीजवळची मातीची भांडी बाहेर टाकायची आणि नवी आणायची. बायकांनी धाकट्याला तेवढंच सांगितलं. तो उठला, घरातली मडकी उचलली, गाडगी उचलली. मग बागेत गेला आणि परळही उचलला. तो चुलीजवळचा नव्हता, घरातलाही नव्हता. पण डोळ्यांसमोर नको म्हणून त्याने सगळं नदीकाठच्या खडकावर आपटलं.

वहिनीने दुरून बघितलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते. बघत होते, चोची घासत होते, पण खाली उतरेनात. लोक एकेक करून पुढे झाले. कोणी म्हणालं, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, बाग पडीक ठेवणार नाही. कावळा हलेना. तेव्हा धाकटा मोठ्याने ओरडला, "दादा, तुझ्या पाखरांना राजाच्या घरी नसेल असं भांडं ठेवीन."

कावळा खाली आला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धाकट्याच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसली. पाखरं परत पाण्याला आली, सगळी मिळून न्हाली, तर दादा सुखाने गेला असं समजायचं. वर्षश्राद्धापर्यंत नाही आली, तर त्याचा जीव इथेच घुटमळत राहिला.

तो त्याच पावली तांबटाकडे गेला. कमरेचा चांदीचा करदोटा काढून दिला आणि दुकानातलं सगळ्यात मोठं घंगाळ उचललं. तांबट म्हणाला, "यात हत्तीचं पिल्लू न्हाईल." धाकटा म्हणाला, "मग पाखरं न्हायला काय हरकत आहे?" त्याने ते चिंचेने घासून लख्ख केलं, कण्हेरीच्या गर्द सावलीत मांडलं आणि काठोकाठ भरलं. गावातली माणसं बघायला आली आणि वाखाणून गेली.

पाखरं आली नाहीत. आली तरी लांबूनच बघून गेली.

एका सकाळी सातभाईंचं एक पिल्लू मात्र आलं. नुकतंच उडायला शिकलेलं. ते काठावर बसलं. काठ गुळगुळीत होता, त्याचे पाय घसरले. आत पाणी खोल होतं, पाय टेकायला काही नव्हतं. धाकटा पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा पिल्लू पंख पसरून तरंगत होतं.

त्याने ते ओंजळीत उचललं. मग शेवंतीच्या वाफ्यात खड्डा करून ते पुरलं आणि घंगाळाला अशी लाथ घातली की त्याचा पाय सुजला.

वहिनीने हळद आणली आणि त्याच्या पायाला लावली. ती म्हणाली, "भावजी, तुम्ही भांडं आपल्या दुःखाएवढं घेतलंत. पाखराच्या पायाएवढं घ्यायचं होतं."

त्यानंतर सातभाई बागेत यायचे थांबले. पानं उलटीपालटी करून अळ्या वेचायला कोणी उरलं नाही. अळ्यांनी शेवंती कुरतडली, कळ्यांना भोकं पडली. बाग मुकी झाली. आणि दिवस वर्षश्राद्धाकडे सरकत होते.

सुजलेल्या पायाने धाकट्याला काम होईना. एके दिवशी तो विहिरीपलीकडच्या बांधावर नुसता पडून होता. तिथून पाण्याचा पाट जात होता. पाट ओलांडताना एका म्हशीचा पाय चिखलात रुतला होता, आणि खुराच्या त्या खळग्यात पाणी साठलं होतं. एवढंसं, मळकं पाणी.

त्यात सातभाई न्हात होते.

धाकटा उठून बसणार होता. पण पाय दुखत होता, म्हणून पडून राहिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने नीट बघितलं.

लख्ख तांब्याचं घंगाळ सोडून ही म्हशीच्या खुराच्या खळग्यात का न्हातात? एक पाखरू काठाने आत उतरलं. काठ उताराचा होता. पाय आधी नुसते ओले झाले, मग बुडाले. चिखल खरबरीत होता, नख्या रुतत होत्या. मध्यावर पाणी त्याच्या पोटाला लागलं, तिथे ते थांबलं. मग डोकं बुडवलं, पंख थरथरवले, पाठीवर पाणी उडवलं. ओलं पाखरू जड होतं, लांब उडू शकत नाही. म्हणून ते जवळच्याच बाभळीच्या वाळक्या फांदीवर जाऊन पिसं साफ करत बसलं. आजूबाजूला सगळं मोकळं होतं, मांजराला दबा धरायला झुडूप नव्हतं. आणि धाकट्याने मांडलेल्या घंगाळाला काय होतं? कण्हेरीची गर्द जाळी.

पाखरं उडाल्यावर तो त्या खळग्यापाशी सरपटत गेला आणि पाण्यात बोट घातलं. काठाशी नख बुडलं. मध्ये दुसरं पेर. त्याहून खोल कुठेच नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात दादाच्या मरणाखेरीज दुसरं काही आलं होतं.

तो कुंभारणीकडे गेला. मोबदला म्हणून घंगाळ तिच्या दारात ठेवलं आणि हाताने माप दाखवलं.

"एवढं उथळ?" ती म्हणाली. "यात शिजणार काय?"

"काही नाही."

"मग साठवणार काय?"

"काही नाही."

"मग ठेवणार तरी काय यात?"

"पाय," धाकटा म्हणाला.

कुंभारीण खूप हसली. मग हसता हसता थांबली. म्हणाली, "तुझा दादाही असलाच खुळा परळ घेऊन गेला होता. वर म्हणाला होता, आतून गुळगुळीत करू नकोस." तिने घंगाळ परत त्याच्या डोक्यावर दिलं. म्हणाली, वहिनीला आंघोळीच्या पाण्याला होईल.

नवा परळ घेऊन तो बागेत जागा शोधत फिरला. झुडपांपासून लांब हवी, पण पिसं वाळवायला जवळ एखादी फांदी हवी. सकाळचं ऊन हवं, दुपारची सावली हवी. फिरत फिरत एका जागी तो थांबला. वाळका पाला बाजूला केला, तर खाली मातीत एक गोल डाग होता. तिथे गवत उगवलं नव्हतं. दादाचा परळ तिथेच होता.

त्याने नवा परळ त्या डागावर ठेवला. मध्ये एक खरबरीत दगड ठेवला, म्हणजे पिल्लू घसरलं तरी त्याला चढायला जागा. पाणी भरलं. आणि शेजारी बसून राहिला.

चिमण्या आल्या. मग बुलबुल. मग एक दिवस सातभाई आले, पण घाईने दोन घोट घेऊन उडून गेले. न्हाले नाहीत. धाकटा आणखी जवळ सरकून बसू लागला. कधी न्हाणार? आज? उद्या? वहिनी जेवायला हाक मारायची, तो तिथूनच ओ द्यायचा.

दिवाळी आली. वहिनी माहेरी गेली. घरात पणती लावायला कोणी नव्हतं. धाकट्याने अंगावर घोंगडी ओढली आणि तो निजून राहिला. उठावंसंच वाटेना. परळातलं पाणी हिरवं झालं, तळाला शेवाळ आलं, डासांच्या अळ्या वळवळू लागल्या.

एका सकाळी खिडकीवर टकटक झाली. म्हातारा सातभाई होता, एक पाय अधू असलेला.

"आम्हाला तहान लागली आहे," तो म्हणाला.

जुन्या गोष्टीतलं पाखरू, बोललं तर नवल नाही. धाकट्यालाही नवल वाटलं नाही. तो उठून बसला आणि म्हणाला, "आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तू वर उडतोस, तुला माहीत असेल. दादाच्या नावाने नदीत सोडलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलं का?"

सातभाईने मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला.

"ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "परळातलं पाणी आमच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढं ठाऊक आहे. आधी पाणी बदल."

"दादा काय करायचा?"

"शिळं पाणी शेवंतीला घालायचा. परळ वाळूने आणि काथ्याने घासायचा. उन्हात पालथा घालायचा, मग ताजं भरायचा."

"आणि मग?"

"मग आपल्या कामाला जायचा," असं म्हणून सातभाई उडून गेला.

धाकट्याने घोंगडी फेकली. शिळं पाणी शेवंतीला घातलं, परळ हात दुखेपर्यंत घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला, तिसऱ्या दिवशीही. एक वाळेपर्यंत दुसरा असावा म्हणून कुंभारणीकडून आणखी एक परळ आणला. उन्हाळ्यात तो दिवसातून दोनदा पाणी भरू लागला. सातभाई रोज येऊ लागले, पानं उलटवू लागले, अळ्या वेचू लागले. शेवंतीला नवे धुमारे आले. वहिनी बागेत येऊन बसू लागली.

पण भरून झालं की धाकटा परळाशेजारीच बसायचा. आणि सातभाई प्यायचे, पण न्हायचे नाहीत.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. नदीवर सगळं रीतसर झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींनी सांगितलं, आता दादाच्या नावाने शेवटची ओंजळ सोड. धाकट्याने ओंजळ भरली आणि तो नदीकडे पाठ करून चालू लागला. भटजी थांब म्हणाले, लोक बघत राहिले. बोटं घट्ट मिटून, थेंब थेंब सांभाळत तो बागेत आला. वहिनी मागोमाग आली.

परळ सकाळीच घासून ठेवलेला होता. त्याने ओंजळ त्यात रिकामी केली. पाणी थोडंच उरलं होतं. वहिनीने तिच्या कळशीतलं पाणी वर ओतलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

फांदीवर सातभाई ओळीने बसले होते. धाकटा सवयीने परळाशेजारी टेकायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्याला मातीतून उकरलेली रोपं आठवली. आणि म्हाताऱ्या सातभाईचं 'मग आपल्या कामाला जायचा' हे शेवटचं वाक्यही आठवलं, जे त्याने ऐकून सोडून दिलं होतं.

म्हणून मुलांनो, थोरामोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: गेलेल्या माणसावरची माया त्याच्या नावाच्या मोठ्या भांड्यात मावत नाही, त्याचं लहानसं काम रोज नीट करण्यात ती जिवंत राहते.

धाकट्याने त्या दिवशी दादासाठी आणि दादाच्या पाखरांसाठी उरलेली एकच गोष्ट केली. तो सरळ उभा राहिला, खुरपं घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून शेवंतीच्या वाफ्याकडे निघाला. मागे एकच कलकलाट झाला, पंख फडफडले, आणि त्याच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब उडाले. त्याने वळून बघितलं नाही.