चौथ्या खुंटीची रेषा

सह्याद्रीच्या एका घाटात, खचणाऱ्या डोंगरावर नजर ठेवण्यासाठी एक लहानसं निरीक्षण केंद्र होतं. तिथे एक वृद्ध भूशास्त्रज्ञ आपल्या शिष्येला डोंगर वाचायला शिकवीत असत. त्यांचं नाव भास्करराव केळुस्कर, शिष्येचं मृदुला. डोंगरावर ठिकठिकाणी मापक रोवलेले होते. गावकरी त्यांना खुंट्या म्हणत. जमीन किती मिलिमीटर सरकली ते आकडे रोज सकाळी सहाला तारेवरून येऊन संगणकातल्या मूळ तक्त्यात आपोआप उतरत. मृदुलानं त्या फाइलची एक प्रत काढायची, आलेख तपासायचा आणि तालुक्याच्या कचेरीला धाडायचा, एवढं तिचं सकाळचं काम. वर्षभर ती ते मन लावून करीत होती. आलेखावर चार खुंट्यांच्या चार रेषा तळाशी निवांत पडलेल्या असत.

भाद्रपद संपत आला होता. पावसानं उघडीप दिली होती. एका सोमवारी त्या चार रेषांच्या खालून पाचवी एक रेषा बाहेर आली.

मृदुलानं डोळे चोळून पाहिलं. बाकीच्या रेषांना नावं होती: घाटमाथा, देवराई, झरा, वळण. हिला नाव नव्हतं. बाजूच्या सूचीत संगणकानं तिला नुसतं ‘सिरीज ४’ म्हटलं होतं. तिनं तक्त्यात शोधलं. आलेखावरची रेषा दोनवर टेकली होती आणि तक्त्यातल्या त्या दिवशीच्या चारही आकड्यांत दोन कुठेच नव्हता.

तेवढ्यात कचेरीतून फोन आला. “मॅडम, आज पाठवताय ना? वर बैठक आहे.”

मृदुलानं ती रेषा निवडली आणि पुसून टाकली. आलेख पुन्हा स्वच्छ झाला.

मंगळवारी नवी प्रत काढली, तर रेषा तिथेच होती. पाचवर. तिनं पुसली. बुधवारी ती नऊवर होती. आकडे नाहीत, नाव नाही, आणि कोणीतरी जिना चढत यावं तशी ती वर येत होती. केंद्रात मृदुला एकटीच असे. त्या दिवशी तिनं संगणकाकडे पाठ करून डबा खाल्ला आणि मग स्वतःलाच हसली. दुपारी तिनं फाइल पुन्हा उघडली नाही.

गुरुवार हा भास्कररावांचा येण्याचा दिवस. रेषा चौदावर गेली होती. या वेळी मृदुलानं ती पुसली नाही.

“सर, फाइलमध्ये काहीतरी बिघडलंय. आकड्यांशिवाय रेषा उमटतेय. तीन दिवस मी ती काढून टाकतेय.”

भास्करराव पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, खुर्चीला टेकून डोळे मिटले आणि म्हणाले, “मृदुला, कॉलमच्या डोक्यावरची अक्षरं मोठ्यानं वाच.”

“अक्षरं?”

“हो. लहान मूल वाचतं तशी. एकेक.”

तिला नवल वाटलं, पण तिनं वाचलं. “ए. बी. सी. डी. एफ.”

“पुन्हा.”

“ए, बी, सी, डी...” ती थांबली. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. वर्षभर रोज हा तक्ता तिच्या डोळ्यांसमोर होता. “सर, ई नाहीये.”

“आता त्या रेषेवर एकदाच क्लिक कर. पुसू नकोस. ती कुठून येते, एवढंच तिला विचार.”

तिनं क्लिक केलं. वरच्या पट्टीत रेषेचा पत्ता उमटला: ई कॉलम, पहिल्या ओळीपासून आजच्या ओळीपर्यंत. डी आणि एफ यांच्यामधल्या फटीवर उजवं क्लिक करून तिनं लपवलेला कॉलम उघडला. चार वर्षांचे आकडे खालपर्यंत एका रांगेत उभे होते. डोक्यावरची नावाची चौकट तेवढी कोरी होती.

“तारखेचा कॉलम सोडला तर ही चौथी. ही कुठली खुंटी?”

“भोईरवाडीच्या वरची,” भास्करराव उठत म्हणाले. “चल.”

भोईरवाडी म्हणजे उतारावरची सात घरं. वाटेवर धुकं होतं. वाडीत कुत्रं भुंकलं नाही. ओहोळ गढूळ वाहत होता. पहिल्याच घरासमोर ठकूबाई नावाची म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिच्या कोंबड्या भरदुपारी छपरावर चढून बसल्या होत्या.

“खुराड्यात शिरंनात बघा,” ती म्हणाली. “आन हे दार. लावलं की आपसूक उघडतंय. कुनी आत आल्यागत.”

मृदुला दाराकडे पाहत असतानाच ते सावकाश, आवाज न करता उघडलं. वारा नव्हता.

लोक जमले. वाडी सोडायची म्हणताच एक जण म्हणाला, “साहेब, पाऊस तर थांबलाय. आता कसली भीती? परवा पितरं जेवायला घालायचीत.”

भास्कररावांनी आकड्यांचं अवाक्षरही काढलं नाही. ठकूबाईकडे त्यांनी परात मागितली, ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि पाण्यानं भरायला सांगितली. पाणी दरीकडच्या काठावरून सांडू लागलं, तरी डोंगराकडची चार बोटं परात कोरडीच राहिली.

“ही जमीन मीच सारवते,” ठकूबाई हळू आवाजात म्हणाली. “सपाट होती.”

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मृदुलानं कचेरीला फोन करून खरं काय ते सांगितलं, तीन दिवस आपण काय पुसलं तेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत सातही घरची माणसं, गुरं आणि कोंबड्या समोरच्या टेकडीवरच्या शाळेत पोचली.

शुक्रवारी दुपारी, ऊन पडलेलं असताना, भोईरवाडीवरचा उतार खाली आला. शाळेच्या अंगणातून सगळ्यांनी तो पाहिला. आधी झाडं उभीच्या उभी चालू लागली, आवाज मागाहून आला. नंतर तिथे घरं नव्हती. माणसं मोजली, ती सगळी होती.

परतताना मृदुलानं विचारलं, “सर, तो कॉलम लपवला कोणी?”

“मी,” भास्करराव म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी शेळ्या त्या खुंटीला अंग घासत. आकडा उगाच वरखाली होई, आणि दर वेळी कचेरी मला जाब विचारी. मी कंटाळलो. नाव पुसलं, कॉलम झाकला. पुढे खुंटीला कुंपण घातलं, पण झाकलेलं उघडायचं राहून गेलं. तुला शिकवताना मी चारच खुंट्या सांगितल्या, कारण तोवर मलाही चारच आठवत होत्या. लपवलेल्या कॉलमचे आकडेही आलेखात दाखव, अशी एक खूण मी सुरुवातीलाच करून ठेवली होती, म्हणून ती रेषा उरली. जमीन स्थिर होती तोवर ती इतरांच्या खाली झाकलेली राहिली. आपण नजरेआड केलेलं आपलं काम करीतच राहतं, मृदुला. ते अनोळखी होऊन समोर येतं, तेव्हा आपल्याला त्याचं भय वाटतं. मी ते झाकलं आणि तू पुसलंस. दोघांनाही चित्र नीटनेटकं हवं होतं.”



शनिवारी सकाळी तिनं फाइल उघडली. चौथी रेषा बावीसवरून थेट तळाला, शून्यावर आली होती आणि इतर रेषांहून शांत दिसत होती. कचेरीतून फोन आला. “मॅडम, आलेखात आता सगळं स्थिर दिसतंय, नाही का?”

“नाही साहेब. तिथली खुंटी वाहून गेलीय. आकडा आलेला नाही, आणि रिकामी चौकट आलेख शून्य धरतोय. मी दुरुस्त करून पाठवते.”

तिनं कोऱ्या चौकटीत ‘भोईरवाडी’ असं नाव लिहिलं. मग आलेखाची मांडणी बदलली, म्हणजे जिथे आकडा नाही तिथे शून्य न दिसता मोकळी जागा दिसेल. रेषा बावीसपर्यंत चढली आणि तिथेच तुटली. पुढे नुसतं पांढरं होतं.

त्या पांढऱ्या जागेकडे ती क्षणभर पाहत राहिली आणि मग तिनं आलेख तसाच धाडला.