तोंडभर बासुंदी

महाराजांची चांदीची पिकदाणी सकाळी जागेवर नव्हती आणि दुपारच्या आत चोर सापडलासुद्धा! ना झडती, ना साक्षीपुरावा. रायकोटचे भद्रसेन महाराज नुसतं तोंड बघून माणसाचं मन वाचत. निदान ते स्वतः तसं म्हणत, आणि ते म्हणाले की सगळ्या दरबाराच्या माना हलत. दरबारी माणसाला देवानं मान दिलेली असते ती तेवढ्यासाठीच.

तर राजवाड्यातले सगळे नोकर रांगेत उभे केले. महाराज एकेकाचं तोंड न्याहाळत निघाले आणि बाबजी मोतद्दारापुढं थबकले. बाबजी म्हणजे घोड्यांना खरारा करणारा साधा माणूस. पण आज त्याचे ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम!

"पिकदाणी कुठं आहे?" महाराजांनी विचारलं.

"उं," बाबजी म्हणाला. पुढं काहीच नाही.

"बघा! बोलायला तोंड आहे का चोराला? उद्या दसऱ्याचा दरबार उठला की याच्या तोंडाला काळं फासा, गाढवावर उलटा बसवा आणि हद्दीबाहेर काढा!"

"वा! काय नजर!" दिवाणजी म्हणाले.

बाबजीची बायको ठमा मुदपाकखान्यात पुरण वाटत होती. बातमी कानावर पडली तशी ती पुरणाच्या हातांनीच तरातरा दरबारात आली.

"महाराज, आमच्या धन्यांच्या तोंडात तंबाखू होती! तुमच्यापुढं थुंकावं तर अपमान, गिळावं तर घेरी. बोलणार कसे ते?"

"जीभ खोटं बोलते, ठमा. चेहरा कधीच नाही."

"चेहरा खोटं बोलत नसेल हो, पण वाचणारा अडखळतो की!"

महाराजांचे कान लाल झाले.

"आम्ही अडखळतो? ठीक! उद्या दरबार उठायच्या आत, आम्ही चुकीचं वाचलेलं एक तरी तोंड दाखव. नवरा सुटला! नाही दाखवलंस, तर त्याच गाढवावर त्याच्या मागं तू!"

"आणि चुकलं की बरोबर, ते ठरवणार कोण?"

"आम्हीच!"

"वा! काय न्याय!" दिवाणजी म्हणाले.

"कबूल," ठमा म्हणाली. "फक्त तोवर यांच्या तोंडाला काळं फासू नका. काळ्या पाटीवर महाराज वाचणार काय?"

परतताना ती बाबजीला कोंडलेल्या कोठडीपाशी थांबली.

"थुंकलात का एकदाचे?"

"थुंकलो गं."

"आता! अख्खं घर गाढवावर चढायची वेळ आल्यावर!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. रायकोटची एक जुनी रीत होती. दसऱ्याच्या बासुंदीत शेवटची साखर महाराजांनी स्वतःच्या हातानं घालायची. मग आधी दरबारानं खायचं आणि त्यांचे प्रसन्न चेहरे बघून महाराजांनी आपलं तोंड गोड करायचं. ठमानं ताट पुढं धरलं. महाराजांनी ऐटीत दोन ओंजळी हंड्यात टाकल्या, पळी फिरवली, वाट्या भरल्या.

पहिला घोट दिवाणजींनी घेतला. क्षणभर त्यांच्या भुवया पगडीत शिरल्या. पण समोर महाराज! भुवया मुकाट्यानं खाली उतरल्या, ओठ कानापर्यंत ताणले गेले.

"अमृत!" ते म्हणाले.

सेनापतींनी डोळे गच्च मिटून घेतले. शास्त्रीबुवांच्या गालांवरून तर घळाघळा पाणी वाहू लागलं.

"वाचा की महाराज ही तोंडं," ठमा म्हणाली.

"यात काय वाचायचं? पोरसुद्धा वाचेल! दिवाणजी तृप्त. सेनापती तल्लीन. आणि शास्त्रीबुवांचे हे आनंदाश्रू!"

"नक्की?"

"त्रिवार नक्की!"

"मग करा तोंड गोड."

महाराजांनी अख्खी वाटी तोंडात रिकामी केली आणि जागच्या जागी थिजले. बासुंदी कसली, अख्खा समुद्र आटवून वाटीत ओतलेला! भर दरबारात सिंहासनावरून थुंकायचं कसं? आणि गिळायचं तरी कसं? सवयीनं त्यांचा डावा हात पिकदाणीकडं गेला. पिकदाणी कुठली? ती तर चोरीला गेलेली! महाराजांचे ओठ घट्ट मिटले, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम फुटला.

ठमा चार पावलं पुढं आली आणि त्यांच्या तोंडाकडं निरखून बघू लागली.

"महाराज, पिकदाणी कुठं आहे?"

"उं!"

"बघा! बोलायला तोंड आहे का? सांगा दिवाणजी, हे तोंड कुणाचं?"

दिवाणजींची मान सवयीनं हलायला निघाली आणि अर्ध्यावरच अडकली.

तेवढ्यात जनान्याच्या पडद्यामागून एक दासी धावत आली. तिच्या हातात लख्ख चकाकणारी पिकदाणी! महाराजांनी तोंड मोकळं केलं आणि ते ओरडले, "ही कुठून आली?"

पडद्यामागून राणीसाहेबांचा आवाज आला. "काल सकाळी मीच चिंचेनं घासायला नेली होती."

"मग काल सांगितलं का नाही?"

"आपल्याला चोर सापडला होता ना! आपण तोंड वाचल्यावर आम्ही कशाला तोंड उघडायचं?"

महाराज ठमाकडं वळले. "ठमे! बासुंदीत मीठ घातलंस?"

"घातलं महाराजांनी! मी नुसतं ताट धरलं होतं. म्हटलं, जो माणसाचं मन ओळखतो, त्याला मीठ काय ओळखू येणार नाही!"

महाराजांनी दरबाराकडं पाहिलं. दिवाणजी वाटी हातात धरून अजून तृप्तच होते. ते तोंड बघितलं मात्र, महाराजांना असं हसू फुटलं की मुकुट कलंडला.

"सोडा रे बाबजीला! आणि दिवाणजी, तेवढं अमृत संपवूनच उठा! ठमा, ही पिकदाणी आजपासून तुझी!"

ठमानं पदर पसरून पिकदाणी घेतली.

"घेते, महाराज. आमचे धनी तंबाखू सोडायचे नाहीत आणि तुम्ही तोंडं वाचायचं सोडायचे नाही. घरात असलेली बरी!"