मागे चालणारे बैल

पडशीमहाराजांचा मुक्काम त्या साली काळवटी गावी, थोरल्या विहिरीच्या काठच्या उंबराखाली पडला होता. खांद्यावर सदा एक रिकामी पडशी, म्हणजे दोन कप्प्यांची झोळी, म्हणून हे नाव. हिच्यात काय ठेवता, असे कोणी विचारले तर महाराज म्हणत, "जागा." विहीर अशी खोल की कच्चे उंबर आत पडले तर तळाला पोचेपर्यंत पिकलेले असे. पटत नसेल त्याने काठावर बसून वाट पाहावी.

विहिरीला दोन धावा होत्या. धाव म्हणजे बैलांचा उतार. उतरताना बैल कातडी मोट वर ओढतात आणि ती रिती झाली की तोंड न फिरवता, मागे मागे चालत काठाशी येतात. एक धाव ठकूबाईची, दुसरी दाजीबा मोकाशाची. गावची रीत अशी, की ज्याची बारी त्याने दिवस वर यायच्या आत मोट सोडावी. नाही सोडली तर त्या दिवसाचे पाणी शेजाऱ्याचे, आणि सबंध साल असेच गेले तर हिस्साही त्याचाच.

ठकूबाईचा नवरा रावजी मागल्या साली तिच्याच धावेवर जिवाला मुकला. मागे येताना बैल बुजले, कासरा मनगटाला गुंडाळलेला होता, तो सुटलाच नाही. दाजीबाच्या धाकाने कोणी गडी तिच्या कामाला येईना. दर बारीला ती बैल जुंपायची, कासरा हाती घ्यायची, आणि छातीत कोणी मुसळाने कांडल्यागत व्हायचे. मन म्हणायचे, उद्या बघू. असे करता करता साल सरले, शेवटची बारी उरली.

आदल्या संध्याकाळी ती उंबराखाली आली. म्हणाली, "महाराज, अंगारा द्या. ही भीती उपटून टाका."

"भीती नसलेला माणूस विहिरीच्या काठावर काय कामाचा?" महाराज म्हणाले. "तू मनाला काय म्हणतेस रोज?"

"शिव्या देते. भित्रट म्हणते. बदडायचं तेवढं राहिलंय."

"आणि बैल मागं कसा आणतात? आसूड मारून?"

ठकूबाईला त्या दुःखातही हसू आले. "आसूड मारला तर भलतीकडंच पळंल की. त्याला गाणं म्हणावं लागतं, महाराज. टाच टेकायला धीर येईल असं."

"मग तुझ्या मनाला कोण गाणं म्हणतं?"

रावजी गेल्यापासून तिचा गळा उघडला नव्हता.

"भीतीला राहू दे," महाराज म्हणाले. "तुझ्याबरोबर धावेवर फिरू दे. कासरा मात्र तिच्या हाती देऊ नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दाजीबा आपले तरणे खोंड घेऊन हजर. मागे चार रिकामटेकडे.

"वैनी, उगा बैलांना तिष्ठत ठेवू नका," तो म्हणाला. "चुलीला फुंकर घालणं निराळं, मोट हाकणं निराळं."

ठकूबाई जुवाशी उभी. मन आपले जुने बोलले, उद्या. ती मनालाच म्हणाली, "उद्या बारी नाही. आज माझ्यासंगं चल."

"बघा, कशी हाकतात ते बघा," म्हणत दाजीबाने शेजारच्या धावेवर खोंड जुंपले, ऐटीत कासरा मनगटाला गुंडाळला आणि मोट वर काढली. परतताना खोंड अडले. त्याने आसूड ओढला. खोंड उसळले आणि सरळ मागे, विहिरीकडे पळत सुटले! दाजीबा कासऱ्याला लटकून फरफटत चालला. चारही रिकामटेकडे चार दिशांना पांगले.

ठकूबाईच्या डोळ्यांपुढे रावजी उभा राहिला. पाय म्हणाले पळ. ती पळाली नाही. तिने तोंड उघडले, आणि सालभर कोंडलेला आवाज फुटला:

"हळू रे माझ्या राजा, टेकव टाच,
मागं मी उभी, नको करू जाच..."

आवाज चिरका होता, कापत होता. पण थांबला नाही. खोंड जागीच थिजले. पुढचे पाय धावेवर, मागचे चारही खूर विहिरीवर अधांतरी, शेपट्या आत लोंबताहेत! गात गातच ती पुढे गेली, जू धरले, आणि पाऊल पाऊल करत त्यांना उतारावर घेतले. मग दाजीबाच्या मनगटाचा फास सोडवला.

आरडाओरडा ऐकून धावून आलेले गावकरी वळून पाहतात तो महाराज उंबराखाली घामाने निथळत बसलेले. दोन्ही खांद्यांवर टाकलेल्या पडशीवर खुरांचे चार ओले ठसे.

"ठकू," महाराज कण्हत म्हणाले, "तुझा आवाज गळ्यातून निघेपर्यंत धरून ठेवले हो. पुढच्या वेळी जरा लवकर गा."

दाजीबा धावत येऊन पायांवर पडायला वाकला. महाराजांनी पाय मांडीखाली घेतले.

"माझे पाय इथेच आहेत, पळत नाहीत. आधी तिकडे."

मोकाशाचे पागोटे बांधलेले डोके साऱ्या गावादेखत ठकूबाईपुढे झुकले. "वैनी, चुकलो."

ठकूबाईची भीती अजून तिच्याबरोबरच होती. तिने आपला कासरा उचलला. मनगटाला गुंडाळला नाही.

"भावजी, सरका," ती म्हणाली. "दिवस वर यायचाय अजून. माझी मोट जाऊ द्या."